हात काढला तरी भार न सोडणारा जॅक : दहा टनी स्क्रू जॅकचा वर्षभराचा अनुभव

जॅक विकत घेताना बहुतेक जण तो किती टन उचलतो एवढेच विचारतात. उचललेला भार तो किती वेळ आणि कशाच्या जोरावर धरून ठेवतो, हा प्रश्न क्वचितच निघतो. अवजड यंत्रे हलवण्याचे, त्यांच्या पायाखाली पट्ट्या सरकवून ती पाणसळीत आणण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे आणि माझ्या दृष्टीने हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे. म्हणून गेल्या वर्षी हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) जॅक हाताशी असतानाही मी हाताने फिरवायचा दहा टनी स्क्रू जॅक घेतला. त्याच्या वर्षभराच्या वापरावरून हे लिहीत आहे.

जॅक बाटलीच्या आकाराचा आहे. बाहेरचे अंग बिडाचे, आतला स्क्रू पोलादी आणि तो ज्यात फिरतो तो नट गनमेटलचा, म्हणजे तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचा. मिटलेल्या अवस्थेत उंची 300 मि.मी., उचल 150 मि.मी. आणि वजन 13 किलोच्या आसपास, त्यामुळे एका माणसाला तो सहज हलवता येतो. स्क्रूच्या माथ्याखाली एकमेकांना काटकोनात आरपार गेलेली दोन भोके आहेत. त्यांत पहार घालून तो फिरवायचा. ओतकाम स्वच्छ आहे, तळ सपाट आहे आणि आटे चौकोनी असून हाताला कुठेही खरखर लागत नाही.

या जॅकचे सगळे मर्म त्या आट्यांत आहे. स्क्रूचा बाहेरचा व्यास 44 मि.मी. आणि दोन आट्यांतले अंतर 8 मि.मी. भरले. म्हणजे सरासरी 40 मि.मी. व्यासावर एक फेरा सुमारे 126 मि.मी. लांबीचा होतो आणि तेवढ्यात भार फक्त 8 मि.मी. वर चढतो. हा फेरा उलगडून सरळ केला, तर जेमतेम साडेतीन अंशांची चढण तयार होते. पोलाद आणि गनमेटल यांच्यातला घर्षण गुणांक (घर्षण दाबाच्या किती पट ते सांगणारा आकडा) 0.15 धरला, तर उतरणीवर ठेवलेली वस्तू साडेआठ अंशांपर्यंत घसरत नाही. ग्रीसमुळे गुणांक 0.10 पर्यंत खाली आला, तरी ही मर्यादा साडेपाच अंशांच्या वरच राहते. चढण घर्षणाच्या या कोनापेक्षा कमी असल्यामुळे वरून कितीही भार आला, तरी तो स्क्रूला उलटा फिरवू शकत नाही. इथे खिटी नाही, झडप नाही आणि कोणी खटका लावायला विसरेल ही भीतीही नाही. भार वाढला की आट्यांवरचा दाब वाढतो आणि दाबाबरोबर घर्षणही त्याच प्रमाणात वाढते, हे मला या रचनेतले सर्वांत देखणे वाटते.

याची किंमत मात्र हातांनी मोजावी लागते. सुमारे सात टनांच्या एका जुन्या प्रेसचे मागचे टोक उचलताना जॅकवर अंदाजे चार टन भार येत होता आणि 90 सें.मी. लांबीच्या पहारीवर मला 25 ते 30 किलोचा जोर द्यावा लागत होता. घर्षण मुळीच नसते, तर हिशेबाने सहा किलोही पुरेसे झाले असते. उरलेले सगळे बळ आटे आणि माथ्याची बैठक यांतल्या घर्षणात गेले. जो स्क्रू स्वतःहून उलटा फिरत नाही, त्याची कार्यक्षमता निम्म्याच्या वर जाऊच शकत नाही, हा त्याच घर्षणाचा दुसरा चेहरा आहे. त्यामुळे एखादा जॅक ‘भार धरून ठेवतो आणि बोटाने फिरतो’ असे कोणी सांगू लागले, तर त्याचे आटे आधी नीट पाहावेत. स्क्रूच्या टोकाशी आट्याची एकच सुरुवात दिसायला हवी. दोन किंवा तीन सुरुवाती असतील, तर एका फेऱ्यात उचल दुप्पट-तिप्पट होते, चढण तीव्र होते आणि भार धरण्याचा भरवसा कमी होतो. गोळ्यांवर चालणारे बॉल स्क्रू तर ब्रेकशिवाय भार धरतच नाहीत.

त्या प्रेसचे काम पहिल्या दिवशी अर्धवट राहिले आणि टोक रात्रभर जॅकवर ठेवावे लागले. बाजूला पोलादी ठोकळ्यांची रास रचून ती यंत्राच्या तळापासून एक मिलिमीटरच्या आत आणून ठेवली होती, त्यामुळे काही बिनसले असते तरी यंत्र तेवढेच खाली आले असते. मग डायल गेजचे (बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाचे) टोक तळाला टेकवले आणि स्क्रू व नट यांच्यावरून खडूची एक सरळ रेघ ओढली. पहिल्या तासात काटा सहा घरे, म्हणजे 0.06 मि.मी. सरकला आणि क्षणभर माझ्या छातीत धस्स झाले. पण खडूची रेघ जुळलेलीच होती, म्हणजे स्क्रू जागचा हलला नव्हता. जॅकखाली घातलेली लाकडी फळी भाराने दबत होती. त्यानंतर सकाळपर्यंतच्या चौदा तासांत काटा आणखी दोनच घरे सरकला. याआधी अशाच भाराखाली माझा जुना हायड्रॉलिक जॅक एका रात्रीत जवळजवळ तीन मिलिमीटर बसला होता. सील चांगले असलेला हायड्रॉलिक जॅकही भार बराच वेळ धरतो, हे खरे आहे. पण सील आतून कधी झिजले ते बाहेरून दिसत नाही, आणि स्क्रूचा आटा मात्र केव्हाही डोळ्यांनी पाहता येतो.

आता तक्रार. हा जॅक पहिल्यांदा भाराखाली घेतला, तेव्हा त्याने मला चांगलेच घाबरवले. स्क्रू फिरताना त्याच्या माथ्यावरची टोपी स्थिर राहायला हवी, म्हणजे भार सरळ वर जातो. प्रत्यक्षात तिसऱ्या चौथाई फेऱ्याला टोपी स्क्रूबरोबर फिरू लागली आणि यंत्राची कड तिच्यावरून बाजूला ओढली गेली. जेमतेम चार मिलिमीटर सरकली असेल, पण तो किर्र आवाज अजून कानांत आहे. काम थांबवून भार ठोकळ्यांवर घेतला आणि टोपी काढली, तर आतल्या बैठकीवर रंगाचा जाड थर होता आणि कडेला ओतकामाचा खरबरीत कंगोरा तसाच राहिला होता. रंग खरवडला, कंगोरा कानसने घासला, ग्रीस भरली आणि त्यानंतर टोपीने पुन्हा त्रास दिला नाही. तरीही जे काम कारखान्यात व्हायला हवे होते ते ग्राहकाला, तेही भाराखाली धोका पत्करून कळावे, हे मला मुळीच मान्य नाही. टोपी रिकाम्या हाताने मोकळी फिरते की नाही हे जॅक घेतानाच पाहावे.

दुसरी उणीव उचलीच्या मर्यादेची. स्क्रू किती वर घ्यायचा यासाठी त्यावर केवळ लाल पट्टा रंगवलेला आहे आणि सहा महिन्यांत ग्रीस पुसता पुसता तो फिका झाला. स्क्रूच्या तळाशी बोल्टने बसवलेली चकती शेवटी त्याला अडवते, पण तिथपर्यंत पोचेस्तोवर नटात गुंतलेले आटे कमी झालेले असतात. मी त्या जागी पंचने खूण करून घेतली आहे.

वेग हा या जॅकचा प्रांत नाही. त्या प्रेससाठी 60 मि.मी. उचल लागली. त्यासाठी साडेसात फेरे, म्हणजे तीस वेळा पहार काढून पुढच्या भोकात घालणे आणि प्रत्येक वेळी तिला फिरायला मोकळी जागा असणे आवश्यक होते. भिंतीला टेकलेल्या यंत्रापाशी हे फार अडचणीचे जाते. याउलट भार खाली घेताना मात्र सगळ्या कष्टांचे चीज होते. पहार उलट दिशेने ढकलावी लागते, सुमारे 17 किलोचा जोर लागतो आणि जोर काढताच भार आहे तिथे थांबतो. पायाखालची पट्टी बोटभर इकडे-तिकडे करून यंत्र तिच्यावर नेमके टेकवायचे असेल, तर हायड्रॉलिक जॅकची झडप किलकिली करत बसण्यापेक्षा हे कितीतरी निर्धास्त आहे.

एका गोष्टीत मात्र या जॅकवरही विसंबू नये. शेजारी धक्के देणारे यंत्र चालू असेल, तर त्या कंपनांनी आट्यांमधली पकड क्षणोक्षणी सैल होते आणि स्थिर भाराखाली घट्ट बसलेला स्क्रूही कणाकणाने उलटा फिरू शकतो. अशा जागी लॉक नट (स्क्रूला आवळून जागेवर धरणारा जादा नट) असलेलाच जॅक वापरावा आणि ठोकळे तर कुठेही लावावेतच. केवळ जॅकच्या भरवशावर मी कोणालाही यंत्राखाली हात घालू देत नाही. जॅक तिरका बसला, तर स्क्रू वाकवणारा जोर येतो, म्हणून भार घेण्यापूर्वी गुण्या लावून तो उभा असल्याची खात्री मी दरवेळी करतो.

देखभाल थोडी आहे: आटे पुसून पातळसा ग्रीसचा हात द्यायचा आणि धूळ चिकटू नये म्हणून स्क्रू मिटवून ठेवायचा. नट आणि स्क्रू यांच्यातली ढिलाई नवीन असताना 0.20 मि.मी. होती, परवा मोजली तेव्हा 0.25 मि.मी. भरली. पुढच्या महिन्यात प्रेसची दुसरी बाजू एकाच वेळी दोन कोपऱ्यांवर उचलायची आहे आणि त्यासाठी याच घडणीचा दुसरा जॅक मी मागवला आहे, मात्र टोपी आतून बिनरंगी हवी असे लेखी कळवून.