पिकअपच्या सीटा आणि कन्सोल: वरून कव्हर चढवावे की कुशन नव्याने करावे?

दुहेरी केबिनच्या पिकअपचे कुशन सगळीकडून सारखे झिजत नाही. चालकाच्या सीटची दाराकडची कड सर्वांत आधी जाते, कारण गाडी उंच असल्यामुळे उतरताना माणूस दर वेळी त्या कडेवरून घसरतच खाली येतो आणि खिशातल्या किल्ल्या किंवा पँटचे बटण तिथेच घासते. माझ्या गाडीत याच ठिकाणी कापड विरून आतला फोम पिवळ्या भुकटीसारखा झडू लागला होता, आणि मधल्या कन्सोलच्या झाकणाचा, जिथे डावे कोपर टेकते तिथला, वरचा थर सोलून चिकट झाला होता. बाकीच्या सीटा मळल्या होत्या, पण शाबूत होत्या. गाडी रत्नागिरी जिल्ह्यात असते, हंगामात आंब्याचे क्रेट वाहते आणि पावसाळ्याचे चार महिने तिच्यात बहुतेक वेळा ओल्या कपड्यांनीच बसावे लागते. हा तपशील आधीच सांगतो, कारण पुढचा माझा कौल या हवेला आणि या वापराला धरून आहे. ज्यांची गाडी जालन्यात किंवा नागपुरात दिवसभर उन्हात उभी असते, त्यांनी त्यातल्या काही गोष्टी उलट्या धराव्यात.

दुकानात गेल्यावर तीन वाटा समोर येतात. पहिली म्हणजे तयार मिळणारी कव्हरे विकत घेऊन वरून चढवणे. दुसरी, त्याच मॉडेलच्या मापाने शिवलेली कव्हरे मूळ कापडावरूनच घट्ट बसवणे. तिसरी, मूळ कापड सोडवून काढणे, आतला फोम दुरुस्त करणे आणि नवे कुशन कारखान्यातल्यासारखे सांगाड्याला बांधणे. मला मिळालेले अंदाज पाचही जणांच्या जागेसाठी अनुक्रमे ४,५०० रुपये, ११,००० रुपये आणि चांगल्या रेक्झिनमध्ये २४,००० रुपये असे होते. शहरागणिक हे आकडे बदलतील, पण तिन्हींमधले अंतर साधारण असेच राहील. कन्सोलचे काम या तिन्हींत धरलेले नव्हते आणि ते वेगळेच समजावे, असे माझे मत आहे. त्याकडे शेवटी येतो.

तयार कव्हरांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती सैल बसतात, उतरताना सरकतात आणि ज्या कडेसाठी आपण खर्च करतो, नेमक्या त्याच कडेवर त्यांची शिवण उसवते. गाडी वर्षभरात विकायची असेल किंवा बागेतल्या गड्यांची ने-आण करताना मूळ कापड चिखलापासून वाचवायचे असेल, तर ती घ्यावीत. धुवायला काढता येतात, हा त्यांचा खरा गुण.

मापाच्या कव्हरांचा आणि नव्या कुशनचा सामना मात्र बरोबरीचा आहे, आणि त्याचा निकाल बाहेरच्या कापडावर नसून आतल्या फोमवर लागतो. म्हणून दुकानात नमुन्यांची वही उघडण्याआधी सीटवर हाताने दाबून पाहावे. मधला भाग दाबून सोडल्यावर लगेच वर येत असेल आणि कडा टणक असतील, तर फोम जिवंत आहे. अशा सीटवर मापाचे कव्हर उत्तम बसते आणि निम्म्याहून कमी खर्चात काम होते. कड दाबल्यावर आतली लोखंडी नळी बोटाला लागत असेल, तर मात्र वरून कितीही महाग कव्हर चढवले तरी ते सहा महिन्यांत त्याच खड्ड्यात बसते. माझ्या चालकाच्या सीटचे नेमके हेच झाले होते, कारण मधल्या काळात मी एकदा स्वस्तात सुटण्यासाठी तिच्यावर मापाचे कव्हर चढवून घेतले होते आणि पाऊस संपायच्या आत त्या कडेवर सुरकुत्यांचा एक पुंजका तयार झाला होता.

नवे कुशन करताना आत काय निघते, हे एकदा उभे राहून पाहण्यासारखे असते. सीट बोल्ट काढून बाहेर घेतली जाते आणि उलटी ठेवली जाते. मूळ कापडाच्या शिवणीत एक बारीक तार ओवलेली असते, तशीच दुसरी तार फोममध्ये साच्यातच बसवलेली असते, आणि या दोन तारा इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या लोखंडी रिंगांनी एकमेकींना जखडलेल्या असतात; सीटवर ज्या खोल रेषा दिसतात त्या यामुळेच पडतात. आमच्या कुशनवाल्याने या रिंगा पक्कडीने एकेक कापल्या तेव्हा त्यांतल्या निम्म्या गंजून आधीच तुटलेल्या निघाल्या. खाली स्प्रिंगांवर गंजाची तांबडी भुकटी, एक वाळलेले आंब्याचे पान आणि फोमच्या तळाला ओलीचा काळा डाग होता. वरून कव्हर चढवले असते, तर हे सगळे तसेच झाकून राहिले असते. कोकणातल्या गाडीसाठी तिसऱ्या वाटेचा हा फायदा मला पैशांपेक्षा मोठा वाटतो: सांगाडा घासून त्याला गंजरोधक रंग देता येतो आणि रिंगा नव्या बसतात.

फोमच्या बाबतीत एका गोष्टीचा आग्रह धरावा. कारखान्यातला फोम साच्यात ओतलेला असतो, म्हणून त्याच्या कडा टणक आणि मध्य मऊ ठेवता येतो. बाजारात मिळणारा फोम हा एकसारख्या पत्र्यातून, म्हणजे फोमच्याच सपाट शीटमधून कापलेला असतो. तेव्हा जुना फोम सरसकट फेकून ३२ डेन्सिटीचा (डेन्सिटी म्हणजे फोमचे घनमीटरमागे किलोतले वजन) नवा पत्रा टाकण्याचा सल्ला मानू नये. जुन्याचा शाबूत भाग ठेवून झिजलेली कड तेवढी कापावी, तिथे रिबाँडेड, म्हणजे फोमचा चुरा दाबून केलेल्या टणक फोमचा तुकडा चिकटवावा आणि वरून पातळ मऊ थर द्यावा. मध्यभागी भर घालायची असेल, तर निदान ४० डेन्सिटीचा फोम मागावा आणि बसण्याची उंची वाढणार नाही याकडे लक्ष द्यावे, कारण एका इंचाने उंची वाढली तरी आरसे, पेडल आणि बेल्ट यांच्याशी जमलेला सगळा हिशोब बदलतो.

आता कापड. निवड रेक्झिन, पीयू (पॉलियुरेथेनचा थर असलेले नकली कातडे), खरे कातडे आणि विणलेले कापड या चारांत असते, आणि दुकानदार पहिल्या दोघांनाही ‘लेदर’च म्हणतो. रेक्झिन म्हणजे कापडी पाठीवर पीव्हीसीचा थर. ते जड असते, हाताला थंड लागते, पाणी अजिबात पीत नाही आणि ओल्या फडक्याने साफ होते. त्याचा दोष उन्हात दिसतो: त्याला मऊ ठेवणारे द्रव्य वर्षानुवर्षांच्या उष्णतेने उडत जाते, तेच समोरच्या काचेवर तेलकट पापुद्रा होऊन बसते, आणि मागे राहिलेले रेक्झिन कडक होऊन तडकते. पीयू त्याहून हलके, मऊ, कातड्याच्या जवळ जाणारे असते आणि दुकानात ते नेहमी जिंकते. पण स्वस्त पीयू दमट हवेत टिकत नाही. हवेतल्या बाष्पाने त्याचे रासायनिक दुवे तुटतात आणि दोन-चार पावसाळ्यांनंतर वरचा थर पापडीसारखा सुटतो. न वापरता कपाटात ठेवलेल्या बुटांचे तळवे एके दिवशी चालता चालता भुगा होतात, ते बहुधा याच कारणाने. वापर कमी ठेवून हे टळत नाही, कारण नुकसान घासण्याने होत नाही, हवेने होते. पॉलिकार्बोनेट जातीचे पीयू या बाबतीत बरेच टिकाऊ असते. ते महाग मिळते आणि पाठीमागे तसे लेबल असल्याखेरीज ते ओळखणे कठीण असते.

रेक्झिन आणि पीयू यांतला फरक ओळखण्याची एक जुनी युक्ती आहे. तांब्याची तार तापवून नमुन्याच्या तुकड्याला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी; ज्योत हिरवी झाली, तर आत क्लोरिन आहे, म्हणजे माल पीव्हीसीचा आहे. हे मोकळ्या हवेत करावे, धूर नाकात जाऊ देऊ नये आणि दुकानदाराच्या काउंटरवर तर मुळीच करू नये. ‘वाहनाच्या दर्जाचे’ आणि ‘सोफ्याचे’ रेक्झिन यांत उष्णता सोसण्याचा आणि पेट घेण्याचा फरक असतो. गाडीच्या आतल्या साहित्याने किती वेगाने जळावे, यासाठी भारतात आयएस १५०६१ हे मानक आहे. त्याचा उल्लेख असलेला माल मागितला की दुकानदार निदान सोफ्याचा गठ्ठा बाजूला ठेवतो.

खरे कातडे मी विचारात घेऊन सोडले. ते चौरस फुटावर विकले जाते, आकार वेडावाकडा असल्याने कापताना बरेच वाया जाते, आणि ओल्या कपड्यांनी रोज बसणाऱ्या गाडीत त्याला बुरशी धरते. शहरात झाकलेल्या पार्किंगमध्ये राहणारी इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स अशी पिकअप असेल आणि मालक वर्षातून दोनदा कातडे पुसून त्याला क्रीम लावणारा असेल, तर त्याने जरूर करावे. कामाच्या गाडीत ती हौस आहे. विणलेले कापड मराठवाडा-विदर्भात मला पहिल्या क्रमांकाचे वाटते, कारण बंद गाडीत उन्हाळ्यात डॅशबोर्ड ७० अंश सेल्सियसच्या आसपास जातो तेव्हा रेक्झिनवर टेकणे नको होते आणि कापडातून पाठीचा घाम उडतो. आमच्याकडे त्याच कापडात ओल राहते. म्हणून मी मधला मार्ग घेतला: बसण्याच्या आणि पाठीच्या मधल्या पट्ट्यांना विणलेले कापड, आणि कडा, बाजू व मागचा भाग रेक्झिनचा.

माल मोजताना पन्हा विचारून घ्यावा. रेक्झिनचा पन्हा बहुधा ५४ इंच असतो. माझ्या पुढच्या दोन सीटांना दोन्ही प्रकारांचे मिळून सुमारे साडेचार मीटर लागले. दोऱ्याकडे कोणी पाहत नाही, पण कुशन उसवते ते दोऱ्यामुळे. सुती दोरा ओलीने कुजतो आणि नायलॉन उन्हाने कमजोर होतो, तेव्हा जाड पॉलिएस्टर दोरा सांगावा. टाका चार मिलिमीटरच्या आसपास लांब असावा. फार बारीक टाके घातले, तर रेक्झिनवर टपाल तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होते आणि ते त्याच रेषेत फाटते. कडेवर दुहेरी शिवण घ्यावी. पायपिंग, म्हणजे शिवणीत घातलेली गोल दोरीची कड, सुंदर दिसते, पण दाराकडच्या कडेवर ती सर्वांत आधी घासते; तिथे ती मी नाकारली.

सुरक्षेच्या एका बाबीत तडजोड नको. सीटच्या दाराकडच्या बाजूला एअरबॅग असे लेबल शिवलेले असेल, तर वरून घट्ट कव्हर चढवल्यास ती पिशवी उघडताना अडते. अशा गाडीत त्या बाजूला मोकळी जागा ठेवलेले किंवा फाटण्यासाठी खास कमजोर शिवण दिलेलेच कव्हर चालते, आणि मूळ कापड बदलायचे काम तर अधिकृत सेवा केंद्राला विचारल्याशिवाय करू नये. सीट बाहेर काढण्याआधी बॅटरी सोडवून काही मिनिटे थांबावे, कारण सीटखालच्या जोडण्यांतून बेल्टचा इशारा आणि काही गाड्यांत एअरबॅगही चालते.

कन्सोल दिसतो लहान, पण फसवतो जास्त. सीटचे कापड शिवणीने आणि तारेने धरलेले असते. कन्सोलवरचे फक्त गोंदाने. म्हणून तिथे कापडापेक्षा खालचे प्लॅस्टिक महत्त्वाचे. झाकण काढून उलटे केले की आतल्या बाजूला दोन कोनांच्या चिन्हांमध्ये रोमन लिपीत प्लॅस्टिकची जात छापलेली सापडते. तिथे एबीएस, म्हणजे एक टणक प्लॅस्टिक असेल, तर रबराचा गोंद नीट धरतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल, तर त्यावर कोणताही साधा गोंद धरत नाही. पृष्ठभाग घासून त्यावर खास प्रायमर लावावा लागतो, नाही तर एप्रिलच्या पहिल्या कडक उन्हात कडा वर येतात. माझ्या कन्सोलचे झाकण एबीएसचे आणि खालचा लांब भाग पीपीचा निघाला. झाकणावर जुना चिकट थर पूर्ण खरवडून, सहा मिलिमीटर फोम देऊन रेक्झिन चढवले. लांब भाग तसाच सोडला. तो मढवून घेण्याचा आग्रह दुकानात झाला होता, पण मढवल्याने पॅनेलांच्या फटी जाड होतात, क्लिपा नीट बसत नाहीत आणि खडबडीत रस्त्यावर तोच भाग कुरकुरू लागतो. गिअरच्या दांड्याचे कव्हर मात्र नवे शिवून घ्यावे; ते शिवणीचे काम आहे, स्वस्त आहे आणि जुने उसवून त्यावरूनच माप मिळते. झाकण आणि हे कव्हर मिळून १,८०० रुपये झाले.

हिशोब असा झाला: चालकाची सीट पूर्ण उघडून, शेजारची फोमला हात न लावता फक्त कापड बदलून, मागच्या तिघांच्या जागेवर मापाची कव्हरे, आणि कन्सोलचे झाकण. सगळे मिळून १७,००० रुपयांच्या आत बसले. पाचही जागांना एकच वाट निवडायला दुकानदार सांगतो, कारण त्याला कापणी सोपी पडते. रंग आणि पोत जुळवून घेतले की मागे कव्हर आहे आणि पुढे कुशन आहे, हे बसणाऱ्याला कळतही नाही.

गाडी ताब्यात घेताना दोन गोष्टी मागून घ्याव्यात. जुन्या कापडाचे उसवलेले तुकडे, कारण पुढच्या वेळी तेच साचे म्हणून कामी येतात. आणि त्याच गठ्ठ्यातले अर्धा मीटर रेक्झिन, कारण दुसऱ्या गठ्ठ्याचा रंग तंतोतंत जुळत नाही. ते घडी घालून ठेवू नये, गुंडाळून ठेवावे. घडीच्या रेषेवर ते तडकते.