रिंग क्लॅम्प, आठ महिन्यांनी: जबडा पक्का, पाचर नाठाळ

रिंग क्लॅम्प म्हणजे अंगठी-जोडवं धरायचा लाकडी चिमटा: एका टोकाला चामडं लावलेले जबडे, दुसऱ्या टोकात पाचर ठोकली की जबडे आवळतात. मे महिन्याच्या भर दुपारी जोडव्याला कानस मारताना ही पाचर सटकली, जोडवं उडालं आणि कानशीचा ओरखडा थेट नक्षीवर गेला. तीनशे रुपयांच्या क्लॅम्पने अख्ख्या जोडाची मजुरी खाल्ली. विक्रेत्याचं उत्तर काय, तर लाकडी वस्तूला वॉरंटी नसते. बरं, मग लाकडाचंच बोलू.

जबडे, मधली कडी, आतलं चामडं, सगळं ठीक आहे. खोट पाचरीत. हिवाळ्यात दोन ठोक्यांत बसणारी पाचर मार्चपासून हातानं निघायला लागली. पहिला संशय कच्च्या लाकडावर गेला. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ कमी होत नाही, तंतूंच्या आडवं आकसतं; आणि पाचरीची कामाची बाजू म्हणजे जाडी, ती नेमकी आडवी.

यावर गावात कोणीही सांगेल: कुऱ्हाडीच्या दांड्यासारखी पाण्यात बुचकळून घ्या. चुकूनही नको. भिजलेलं लाकूड फुगतं, पण जबड्यात जागा नसल्यामुळे तंतू चेपतात. वाळल्यावर पाचर आधीपेक्षा बारीक होते. दोनदा भिजवली की चुलीत घालायच्या लायकीची.

आता मत बदललंय. खरा गुन्हेगार कूलर. कामाचं टेबल कूलरच्या झोतात असेल तर दिवसभर लाकूड दमट हवा पितं आणि पाचर घट्ट वाटते. लाइन गेली की दोन-चार तासांत कोरडी झळ लागून सैल. म्हणजे सकाळी ठोकलेली पाचर दुपारी भरवशाची नाही. क्लॅम्प झोतातून बाजूला खणात ठेवा, पाचरही त्याच खणात ठेवा आणि दोन्हीला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. ओल आत-बाहेर होणं थांबत नाही, पण मंदावतं.

तरी मूळ दोष उताराचा. सोबत आलेली पाचर ४५ मिमी लांबीत १५ वरून ३ मिमीवर येते, म्हणजे साधारण १५ अंश. कानशीच्या थरथरीला एवढा उतार जास्त. जुन्या बैलगाडीच्या मुरलेल्या बाभळीची, ६० मिमी लांबीत १२ वरून ४ मिमीवर येणारी पाचर बसवली की उतार निम्म्यावर येतो. तंतू लांबीच्या दिशेने हवेत, नाहीतर ठोक्यात चिरफाळते. उतार कमी म्हणून पल्लाही कमी: पातळ जोडव्याला एक, जाड अंगठीला दुसरी, अशा दोन लागतात. ठोकायला लाकडी मोगरी घ्या. लोखंडी हातोडीनं पाचरीचं डोकं फुटतं.

पण पाचर चांगली झाली की दाब बेसुमार होतो, आणि हे लक्षात न घेतल्यास दुसरं नुकसान. मागून उघड्या जोडव्याची फट मिटते, पातळ अंगठी लंबगोल होते. आतून मापाची लाकडी दांडी घालूनच आवळा. चामड्यात रुतलेला कीस रोज ब्रशनं काढा, नाहीतर पुढच्या दागिन्यावर तोच ओरखडे काढतो. उन्हात चपलांचं सोल्यूशन मऊ पडून चामडं सरकतं. नवीन लावताना २ मिमीचं घ्या, एक रात्र दाबून ठेवा. क्लॅम्पमध्ये धरून डाग द्यायचा (आच देऊन सांधा जोडायचा) विचारही नको.

मोरणी, कुडी अशा वेड्यावाकड्या वस्तूंना आपली लाखकांडीच (टोकावरच्या लाखेत वस्तू चिकटवून धरायची काठी) बरी: लाख, विटेची बारीक भुकटी, मंद आच. चिकटलेली लाख स्पिरिटमध्ये सुटते. मोत्याला मात्र आच नको. लाखेऐवजी वापरायला गरम पाण्यात मऊ होणारे प्लास्टिकचे दाणे मिळतात. त्यातले बरेच ६० अंशांना ढिले पडतात, म्हणून पत्र्याखालच्या दुकानात बर्नरजवळ त्यांचा भरवसा नाही. त्यांच्यावर पैसे घालवू नका.

आणि तेल लावलेली चिंधी बोळा करून टेबलाखाली फेकू नका. जवसाचं तेल वाळताना आपोआप तापतं आणि बोळा पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून वाळवा.