शेफिल्डमधून पायी भटकंती आणि पब: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

एप्रिलमध्ये प्रोजेक्टवर इंग्लंडमधल्या शेफिल्डला आलो तेव्हा डोक्यात होतं की वीकेंडला लंडन, एडिंबरा असं काहीतरी करू. लंडन एकदा झालं, एडिंबरा राहिलंच, बाकी जवळजवळ सगळे शनिवार पायी गेले. आता पुण्यातले दोघं-तिघं विचारतायत की ते वॉकिंग हॉलिडे म्हणतात ते पैसे टाकून घ्यावं का, प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा इथंच लिहितो.

तर घ्या, पण एकदाच. मी मे महिन्यात घेतलं होतं, तीन रात्री चार दिवस, सेल्फ गाइडेड. म्हणजे गाइड नाही, फक्त नकाशा आणि एक छापील वही, आणि आपली बॅग ते लोक पुढच्या मुक्कामी पोचवतात. बॅगचं काम चोख, एकदाही घोळ नाही. वही मात्र कधीतरी लिहून ठेवलेली असावी. "पांढऱ्या गेटपाशी डावीकडं वळा" असं लिहिलेलं, आणि गेटला कुणीतरी हिरवा रंग मारून टाकलेला! अर्धा तास मेंढ्यांच्या कुरणात उलटसुलट फिरलो, मेंढ्यांनाही कंटाळा आला असेल. त्यानंतर ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा खात्याचे, दोन नकाशे घेतले. शेफिल्डला लागून पीक डिस्ट्रिक्ट हा डोंगराळ नॅशनल पार्क आहे, त्याच्या डार्क पीक भागाचा ओएल १ आणि व्हाइट पीक भागाचा ओएल २४. १:२५,००० स्केल असल्यानं शेताचं प्रत्येक कुंपण दिसतं, हिरव्या तुटक रेघा म्हणजे हक्काची पायवाट. तेव्हापासून पॅकेजची गरज पडली नाही.

पण मुख्य मुद्दा हा नाहीच. मुख्य मुद्दा पबचं किचन. पहिल्याच दिवशी सोळा किलोमीटर चालून, भुकेनं डोळ्यापुढं काजवे चमकत असताना दोन चाळीसला पबमध्ये शिरलो आणि किचन अडीचला बंद झालेलं, आता थेट साडेपाचला. दोन पाकिटं क्रिस्प्सवर दुपार काढली. सगळीकडं असं नसतं, काही ठिकाणी दिवसभर जेवण मिळतं, पण खेड्यातल्या पबात दुपारी सुट्टी बरीच दिसते. तेव्हापासून माझी पद्धत उलटी झाली, आधी पब ठरवायचा, फोन करून किचनची वेळ विचारायची, मग तिथनं मागं मोजत वॉक आखायचा. हिशोब असा की तीन मैलाला एक तास आणि दर २,००० फूट चढाला आणखी एक तास. हा नेस्मिथ नावाच्या माणसाचा १८९२ सालचा नियम आहे, आणि त्यात फोटो काढायला थांबणं धरलेलं नाही, ते आपण धरायचं.

शहरातलं चालणं आधी सांगतो कारण ते लोक सोडून देतात. शेफिल्ड पाच नद्यांचं गाव, डॉन, शीफ, पोर्टर, रिव्हलिन आणि लॉक्सली. पाणी होतं म्हणून पाणचक्क्या, पाणचक्क्या होत्या म्हणून सुऱ्या-कात्र्यांना धार लावण्याचे कारखाने. एन्डक्लिफ पार्कमधून पोर्टरच्या काठानं वर चालत गेलं की शेफर्ड व्हील लागतं, पाण्यावर फिरणाऱ्या सहाणा अजून जागेवर आहेत. तसंच पुढं चढत गेलं की घरं संपतात, रिंगिंगलो येतं आणि एकदम मोकळं माळरान. शहर कधी सुटलं कळतच नाही, सिंहगड रोडची सवय असलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. दुसरी वाट म्हणजे डॉन नदीकाठचा फाइव्ह वेअर्स वॉक, पाच बंधाऱ्यांवरून जातो, सुंदर वगैरे नाही, गंजलेल्या शेड आणि भंगारवाले, पण मला तोच जास्त आवडला. स्टेनलेस स्टील याच गावात हॅरी ब्रेअर्लीनं १९१३ मध्ये केलं, हे आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली मग तिथून डबे आण. इथं कुठले आलेत डबे!

हा वॉक संपवून केल्हम आयलंडला यायचं. पूर्वीचा कारखान्यांचा भाग, आता फ्लॅट आणि कॅफे. तिथला फॅट कॅट पब १९८१ पासून रिअल एल, म्हणजे पिंपातली पारंपरिक बिअर, विकतोय आणि पलीकडच्या केल्हम आयलंड टॅव्हर्नला २००८ आणि २००९ असं लागोपाठ देशातला सर्वोत्तम पब म्हणून कॅमराचा मान मिळालेला. कॅमरा म्हणजे १९७१ साली हीच बिअर वाचवायला उभी राहिलेली संघटना. ही बिअर पिंपातच शेवटची आंबते, वरनं गॅस मारत नाहीत, हातपंपानं ओढून देतात. पहिला घोट घेतल्यावर आपल्याला वाटतं कोमट आहे, परत द्यावी. कोमट नाही, तळघरात साधारण बारा डिग्रीला ठेवलेली असते, आणि खरं सांगायचं तर चालून आल्यावर बर्फगार लागतही नाही. चौथ्या-पाचव्या वेळेपासून मला ही आवडायला लागली. पाइंट ५६८ मिलीचा असतो, पुढं अजून चालायचं असेल तर गुपचूप हाफ मागा, कुणी हसत नाही.

शाकाहारी मंडळींसाठी थोडं. बिअर नितळ करायला कित्येक ठिकाणी अजून आयसिंग्लास वापरतात, म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी. न गाळलेली किंवा व्हीगन लिहिलेली घेतली की प्रश्न मिटला. चिप्स कशात तळल्यात तेही विचारा, यॉर्कशरमध्ये गोमांसाच्या चरबीत तळायची जुनी पद्धत आहे. विचारलं तर कुणाला राग येत नाही, उलट किचनमध्ये जाऊन विचारून येतात.

आता डोंगर. शेफिल्डहून मँचेस्टरकडं जाणारी होप व्हॅलीची पॅसेंजर पकडायची. टॉटलीचा साडेतीन मैलांचा बोगदा संपला की ग्रिंडलफर्डला गाडी थेट झाडीत निघते, खंडाळ्याच्या बोगद्यातून बाहेर पडल्यासारखं. स्टॅनेज एजवर कड्याखाली घडवून तशीच टाकून दिलेली दगडी जाती पडलीत, आपल्या जात्याच्या चौपट-पाचपट. लोकांना पांढऱ्या पिठाची चटक लागली, या दगडाचं पीठ करडं निघायचं, धंदा बसला, जाती तिथंच राहिली. पीक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कचं चिन्हही तेच आहे. मॅम टॉर या डोंगराला फरसबंदी वाट आहे, गर्दी पण तशीच. तिथून खाली उतरून जुना ए ६२५ रस्ता नक्की बघा, दरड सरकून सरकून शेवटी १९७९ मध्ये कायमचा बंद केला, डांबराचे थर केकसारखे तुटून लोंबतायत. वरंध घाट पावसाळ्यात पाहिलेल्या माणसाला गलबलून येईल.

पण किंडर स्काउट वेगळाच. उंची फक्त ६३६ मीटर, म्हणजे आपल्या हिशोबानं टेकडी, म्हणून मी जरा माजातच गेलो. एडेलहून जेकब्स लॅडरनं वर आलो तर शिखर असं काही नाहीच, नुसतं काळं, फुगलेलं पीटचं, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या दलदलीचं, पठार, धुक्यात सगळीकडं सारखंच, आणि पाय घोट्यापर्यंत आत. सह्याद्रीत चुकलो तर निदान कडा दिसतो, इथं तोही नाही. होकायंत्र वापरता येत नसेल तर कडेची वाट सोडू नका. जोराचा पश्चिमी वारा असेल तर किंडर डाउनफॉलचं पाणी उलटं वर उडतं, अगदी नाणेघाटातल्या उलट्या धबधब्यासारखं, मी वेड्यासारखा हसत उभा राहिलो. आणि हे पठार एकेकाळी बंद होतं, श्रीमंतांच्या ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखीव. २४ एप्रिल १९३२ ला शेकडो कामगार पोरं हेफिल्डहून मुद्दाम घुसली, पाच जण तुरुंगात गेले. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट देशातलं पहिलं नॅशनल पार्क झालं, आणि अशा माळरानावर मोकळं फिरायचा कायदा यायला २००० साल उजाडलं. त्यामुळं कुणाच्या शेतातून जाताना गेट आठवणीनं लावून घ्या, फुकट मिळालेली वाट नाही ती.

जुलैत आई-बाबा आले होते. त्यांना ग्रिंडलफर्ड ते हॅदरसेज नदीकाठानं नेलं, पाच-सहा किलोमीटर, जवळपास सपाट. वाटेतल्या पबच्या दारातच आई थांबली, म्हणे गुत्त्यात बसून जेवायचं का आता या वयात. आत एक आजी विणकाम करत बसलेल्या, शेकोटीपाशी चिखलाचा कुत्रा पसरलेला, शेजारच्या टेबलावर दोन लहान मुलं पत्ते खेळत होती. बाबांनी बारवर जाऊन ऑर्डर द्यायची आणि तिथंच पैसे द्यायचे हे दोन मिनिटांत शिकून घेतलं. आईनं मशरूम पाई खाल्ली, मीठ कमी आहे म्हणाली, आणि कुत्रा तिच्या पायावर डोकं ठेवून झोपला म्हणून आमची चारची गाडी चुकली. पुढच्या शनिवारी तिनंच विचारलं, आज कुठल्या पबात जायचं.

खर्चाचं म्हणाल तर पाइंटला चार-पाच पौंड, जेवण पंधराच्या आसपास, सगळ्यात महाग पडले बूट. पुण्याहून आणलेले ट्रेकिंग शूज कातळावर मस्त होते, पीटनं दोन महिन्यांत शिवण उसवली. इथं घोट्यावरचे वॉटरप्रूफ घेतले, त्यांचाही डावा तळवा आता गुळगुळीत झालाय.

सध्या डिसेंबर, पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे किचन आणि उजेड दोन्ही सांभाळायचं. या शनिवारी आठची गाडी धरून बॅमफर्ड, तिथून लेडीबावर धरण, जेवण साडेबाराला. फोन करून विचारलंय, दोनपर्यंत चालू आहे.