पाटी एमजीबीची, ब्लॉक ॲम्बेसेडरचा: ७,१५,४०० रुपये कसे गेले

एकूण ७,१५,४०० रुपये. गाडी म्हणजे एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तिची किंमत यात धरलेली नाही. ज्यांच्याकडून गाडी घेतली ते सरळ होते. शेडमध्ये सडत पडली आहे म्हणाले आणि तशीच ती होती. पैसे गेले ते रिस्टोरेशनच्या नावाखाली, एका 'व्हिंटेज स्पेशालिस्ट' गॅरेजात. नाव लिहीत नाही, कारण वकिलांनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय. व्यवहार मात्र पैशापैशानं लिहितो. सुरुवातीचा ॲडव्हान्स १,२५,०००. इंग्लंडहून सिल (दरवाज्याखालच्या पट्ट्या) आणि फ्लोअरचे पत्रे मागवायला १,३८,६००. त्याच मालाची 'कस्टम ड्युटी व क्लिअरिंग' ६२,३००. इंजिन १,८४,५००. वेल्डिंगची मजुरी ९५,०००. रंग १,१०,०००.

ॲडव्हान्स घ्यायचा, दोन महिने 'पार्ट येतोय' म्हणायचं आणि मग फोन बंद, हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. इथे तसं झालं नाही, आणि संताप त्याचाच आहे. हा गॅरेजवाला पळाला नाही. फोटो पाठवत होता, चहा पाजत होता, बिलं देत होता. गाडी रंगवून, चकचकीत करून हातात दिली. जे डोळ्यांना दिसतं ते सगळं मूळचं ठेवलं, आणि जे दिसत नाही ते विकून खाल्लं.

गाडी १९६३ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे बिनछपराची. चॅसिस नंबर जीएचएन३ने सुरू होणारा, इंजिन नंबर १८जीने. सुरुवातीच्या एमजीबीत तीन मेन बेअरिंगचं १७९८ सीसीचं इंजिन असतं. पाच बेअरिंगचं आलं ते ऑक्टोबर १९६४पासून. दोन्ही बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सीरिजमधली. आता गंमत बघा. आपल्या ॲम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, तेही बी-सीरिजचंच. सख्खी भावंडं. डाव्या अंगाला कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट, उजव्या अंगाला प्लग, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो. एमजीबीची जुळी एसयू एचएस४ कार्ब्युरेटर वर चढवली, रॉकर कव्हर एमजीचं बसवलं की बॉनेट उघडून बघणारा माणूस 'वा!' म्हणून बॉनेट लावतो.

फरक बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचा. १७९८चं बोअर ८०.२६ मिलिमीटर, १४८९चं ७३.०२. स्ट्रोक मात्र दोघांचा अगदी सारखा, ८८.९. म्हणजे प्लगच्या भोकातून तार घालून पिस्टनची चाल मोजणारे जे हुशार लोक असतात, त्यांनाही काही कळणार नाही. तार दोन्हीकडे तेवढीच खालीवर होते. हेड (सिलिंडरवरचा भाग) उघडून व्हर्निअर लावल्याशिवाय खात्री नाही.

आणि व्हर्निअरचीही गरज नव्हती. आकडा कागदावर होता!

इंजिनच्या १,८४,५०० रुपयांच्या बिलाला लेथवाल्याची चिठ्ठी टाचलेली होती. तेलकट बोटांचे ठसे उमटलेला, वहीतून फाडलेला चौकटीचा कागद. त्यावर निळ्या बॉलपेननं: 'बोअरिंग-होनिंग ४ नग, ०.०२० ओव्हरसाइज, ७३.५३, रु. ६,८००'. लेथवाला बिचारा प्रामाणिक. त्याच्यापुढे जो ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य भाग, आला त्याचं माप त्यानं लिहिलं. १७९८चं बोअर वीस थाऊ, म्हणजे ०.०२० इंच, वाढवलं तर ८०.७७ व्हायला हवं. ७३.५३ म्हणजे ॲम्बेसेडर, दुसरं काही असूच शकत नाही. ही चिठ्ठी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, पहिल्याच पानावर होती. ०.०२० हा आकडा अपेक्षितच होता, तो जागेवर दिसला, रक्कम जुळली, फोल्डर बंद. त्याच्या शेजारचे चार आकडे वाचायला पाच सेकंद लागली असती. त्या पाच सेकंदांचे १,८४,५०० रुपये झाले, आणि मूळचा १८जी ब्लॉक गेला तो वेगळाच. तो आता कुठल्या गाडीत आहे देव जाणे.

'एवढं सगळं कळतं तर फसलात कसे' असं विचारणारे भेटतातच. त्यांना एवढंच सांगणं आहे की लेथच्या चिठ्ठीवर कोणी टेप घेऊन बसत नाही. इंजिन गाडीतून निघून तिसऱ्याच ठिकाणी गेलं की मालकाच्या हाती फोटोशिवाय काही नसतं, आणि फोटोत ७ मिलिमीटर दिसत नाहीत. उघडकीला आलं ते हेड गॅस्केटमुळे. गाडी चढावर धापा टाकत होती, तिसऱ्या गिअरात जिथे सहज निघायला हवी तिथे दुसरा मागत होती, पाणीही कमी होत होतं. गॅस्केट बदलायला हेड काढलं. १७९८चं नवं गॅस्केट ब्लॉकवर ठेवलं तर प्रत्येक भोकाच्या आत सगळीकडून तीनचार मिलिमीटर लोखंडी काठ डोकावत होता.

मग पाटी बघितली. या इंजिनांचा नंबर ब्लॉकवर कोरलेला नसतो, तो उजव्या बाजूला रिव्हेटनं ठोकलेल्या छोट्या पाटीवर असतो. पाटी खरी, साठ वर्षांची काळपट. रिव्हेट नवेकोरे, ॲल्युमिनियमचे, पॉप गननं मारलेले. जुन्या पाटीवर चमकणारे रिव्हेट दिसले की तिथेच थांबा. आणि ब्लॉक बाहेर पाठवण्याआधी त्यावर दोन-तीन ठिकाणी सेंटर पंचचे ठिपके मारा, कुठे मारले ते फक्त स्वतःला माहीत असू द्या. क्रँक, हेड, कनेक्टिंग रॉड, सगळ्यांवर.

आता सिल. यात इंजिनाइतका पैसा दिसत नाही, पण जीव जाऊ शकतो तो यात.

एमजीबीला वेगळी चॅसिस नाही. रोडस्टरला छप्परही नाही. गाडीचा मधला भाग तोलून धरतात ते दरवाज्याखालचे सिल. ते तीन थरांचे: बाहेरचा सिल, मधला उभा पत्रा म्हणजे मेंब्रेन, आणि आत-खाली कॅसल रेल, जिच्या काठाला तटासारखे दाते असतात. त्या दात्यांमधून पाणी निचरतं. माती साचून दाते बुजले की तिन्ही थर आतून खातात, कोकणातल्या पावसाळ्यात तर झपाट्यानं. दुरुस्तीची खरी रीत अशी: गाडी सपाटीवर, वजन सस्पेन्शनवर. दरवाज्याच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत २५ मिलिमीटरची चौकोनी नळी टाके मारून बसवायची. एका वेळी एकच बाजू कापायची. पुढचा विंग (मडगार्डचा पत्रा) बोल्टवर असतो, तो काढायचाच, कारण सिल त्याच्या आतपर्यंत जातो. मागच्या विंगची खालची टोकंही कापावी लागतात. स्पॉट वेल्ड ड्रिल करून सोडवायचे, कॅसल रेल आधी, मग मेंब्रेन, मग दरवाजा टांगून फट तपासायची आणि शेवटी बाहेरचा सिल. मिग वेल्डिंग, बारीक तार, थोडं इकडे थोडं तिकडे. गॅसनं सरळ रेघ ओढली तर पत्रा वेडावाकडा होतो. शेवटी आतून मेण.

यानं काय केलं? गंजलेल्या सिलवरून नवा पत्रा गुंडाळला, खालून दाते बुजवले, वर लांबी (पुट्टी) फासली, रंग मारला. मेंब्रेन आणि कॅसल रेल इंग्लंडहून आलेच नाहीत. फ्लोअरचे पत्रे आले नाहीत. १,३८,६०० रुपयांच्या मालातला जो पत्रा गाडीवर सापडला तो इथेच वाकवलेला आहे, घडीवर ब्रेक प्रेसची खूण स्पष्ट दिसते.

तपासायला फार काही लागत नाही. जॅकिंग पॉइंटला जॅक लावून चाक उचला आणि दरवाज्याच्या मागच्या वरच्या कोपऱ्यातली फट बघा. ती आवळली, किंवा दरवाजा उघडताना घासला, तर सिलमध्ये दम नाही. रंगाची जाडी मोजणारं यंत्र तीनेक हजारांत येतं. नीट रंगवलेल्या गाडीवर दोन-तीनशे मायक्रॉन येतात. या गाडीच्या मागच्या चाकापुढच्या कोपऱ्यात यंत्रानं हातच टेकले, तिथे लोहचुंबकही चिकटत नव्हता. मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा रबरी बुचाच्या भोकातून सिलमध्ये सोडला तर आत मेंब्रेनच्या जागी तपकिरी जाळी. कापलेला जुना पत्रा परत मागा. नाही म्हणाला तर कापलाच नाही असं समजा.

६२,३०० ड्युटीबद्दल थोडक्यात: बिल ऑफ एंट्रीचा, म्हणजे आयातीच्या कस्टम कागदाचा, नंबर मागा, आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर तपासा. 'एजंटमार्फत आलं, एकत्र कन्साइनमेंट होती' हे उत्तर म्हणजे माल आला नाही. त्याहून बरं, पार्ट विक्रेत्याला पैसे स्वतः द्या, खोका स्वतःच्या घरी उतरवा. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा. हा नंबर दुसऱ्याच धंद्याचा होता, तोही रद्द झालेला.

इथपर्यंत चोर होता. पुढे सरकार आहे.

पोलीस ठाण्यात अर्ज, सोबत चिठ्ठी, रिव्हेटचे फोटो, मेकॅनिकचा दाखला, बँकेचे उतारे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे, विश्वासघाताला ३१६. दुसऱ्याच्या ताब्यात दिलेला ब्लॉक परस्पर विकणं हा विश्वासघात नाही तर काय आहे? साहेबांनी कागद उलटेसुलटे केले आणि म्हणाले, 'काम करून दिलंय ना? आवडलं नाही एवढंच. हा दिवाणी मामला आहे.' इंजिनच बदललंय म्हटल्यावर विचारलं, 'चालू आहे ना?' आणि वर: 'हौसेची गाडी ना, मग हौसेला मोल नसतं.' शिपाई हसला.

आरटीओची तऱ्हा आणखी न्यारी. तिथल्या बाबूंनी आरसीवरचा नंबर बघितला, पाटीवरचा नंबर बघितला. जुळतात. म्हणजे तक्रार कसली? पाटी उपटून दुसऱ्या ब्लॉकवर मारली आहे हीच तर तक्रार! पण त्यांच्या रकान्यात नंबर बसला की विषय संपला. उलट ऐकवलं की इंजिन बदलल्याचं लेखी दिलंत तर नोंद न घेता केलेला बदल म्हणून कारवाई तुमच्यावर होईल. मालकावर! ज्याची चोरी झाली त्याच्यावर!

वर दुसरी मेख. जुलै २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल झालेला नको. म्हणजे खरं सांगावं तर व्हिंटेज नोंदणी गेली आणि गप्प बसावं तर खोट्या पाटीवर सही करावी. यातून वाट काय, असं खिडकीवर विचारलं. 'एजंटला भेटा.'

पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)खाली पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालानं, पोच ठेवून कळवा. तरीही हालचाल नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. अर्जात 'काम नीट केलं नाही' हे वाक्य चुकूनही लिहू नका, तेवढ्यावर तो दिवाणी होतो. 'ताब्यात दिलेली वस्तू विकली' असं लिहा. ग्राहक आयोगात पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी फक्त २०० रुपये, मुदत दोन वर्षं. ती तक्रार दाखल आहे, तारखा पडत आहेत. समोरच्याचे वकील म्हणतात, इंजिन मालकाच्या संमतीनं बदललं. संमती कुठे आहे? तर बिलावर 'मिळाले' म्हणून केलेल्या सहीत. म्हणून बिलावर सही करताना त्याखाली इंजिन प्रकार, बोअरचं माप आणि ब्लॉकची खूण लिहून मगच सही करा.

आणि हे मुद्दाम एमजीए १५०० (एमजीबीच्या आधीचं मॉडेल) वाल्यांसाठी. तुमच्या गाडीचं मूळ इंजिनच १४८९ सीसीचं आहे, बोअर ७३.०२. त्यात ॲम्बेसेडरचा ब्लॉक घातला तर व्हर्निअर, गॅस्केट, लेथची चिठ्ठी, सगळं बरोबरच येईल. त्या गॅरेजात सध्या दोन एमजीए उभ्या आहेत, एकीचं इंजिन बाहेर गेलेलं. ज्यांची असेल त्यांनी पाटीच्या रिव्हेटचे जुने फोटो आजच शोधून ठेवावेत.