डंगरी की निकर? १९३० च्या दशकातल्या अमेरिकी वर्गफोटोसाठी कपडे निवडताना

लेकाच्या शाळेत महामंदीवर छोटं नाटक बसलं आणि कपडेपट माझ्या गळ्यात पडला. शेवटचा प्रसंग वर्गफोटोचा. पहिल्या तालमीला अर्धी मुलं फाटके शर्ट आणि गालाला काजळी लावून हजर! चुकतं ते इथेच. फोटोच्या दिवशी पोराला घरातलं त्यातल्या त्यात बरं घालून, केस पाण्याने चापून बसवून पाठवत. आपल्या डोळ्यांसमोर येणारं मळकं-फाटकं बालपण १९३५ नंतर सरकारी नोकरीत असलेल्या डोरोथिया लँग, आर्थर रॉथस्टीन यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी टिपलेलं आहे, आणि त्यांचं कामच हलाखी दाखवण्याचं होतं. वर्गफोटोच्या प्रती आईबाप विकत घेत. तेव्हा नमुना म्हणून वर्गफोटोच बघा.

आता निवड. आधी गाव की शहर ते ठरवा.

गावाकडच्या मुलांना डंगरी. (हा शब्द मुंबईच्या डोंगरीत विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून इंग्रजीत गेला, ही आपली त्यातली भागीदारी.) ती आजही कुठेही मिळते, आत साधा शर्ट घातला की झालं. शहरी मुलांना निकर, पण आपली हाफ निकर नव्हे. ही गुडघ्याखाली पट्ट्याने आवळलेली, खाली लांब मोजे. कॉर्डरॉयची असली तर चालताना मांड्या घासून आवाज येई. तयार मिळणं कठीण. जुनी कॉर्डरॉय पँट गुडघ्याखाली कापून इलॅस्टिक घातलं तर मंचावरून कळत नाही. मात्र दशक सरता सरता ती मागे पडून लांब पँट आली, म्हणून १९३९ च्या प्रसंगात सगळ्यांना निकर नको.

मुलींच्या बाबतीत जरा जास्त विचार करावा लागतो. शेतावरच्या घरात पीठ आणि कोंबड्यांचं खाद्य सुती पिशव्यांतून येई. शंभर पौंडांची पिशवी उसवली की साधारण वारभर कापड निघे. मोठ्या बाईच्या झग्याला तीनेक पिशव्या लागत, लहान मुलीचं एक-दोनांत भागे. गिरणीच्या छापाची शाई घालवायला कापड चरबीत किंवा रॉकेलमध्ये भिजवून साबणाने धुवत, तरी एखादं अक्षर पुसट उरायचं. फुलाफुलांच्या पिशव्या सर्रास दिसू लागल्या त्या दशकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे १९३२ दाखवत असाल तर फुलांचा झगा घेऊ नका. साधं पांढरं किंवा घरी रंगवलेलं कापड घ्या.

शहरातली मुलगी कॅटलॉगमधून मागवलेल्या, गोल कॉलरच्या सुती फ्रॉकात. १९३४ मध्ये शर्ली टेंपल पडद्यावर गाजली आणि तिच्यासारखे आखूड, घेरदार फ्रॉक दुकानांत आले. दिसायला गोड, पण तेही १९३२ मध्ये चालणार नाहीत.

बूट दोघांचेही झिजलेले, तळाला पुठ्ठा घातलेले. गावाकडच्या पहिल्या रांगेत एखादं पोर अनवाणी असलं तरी खपतं.

माझं मत विचाराल तर गाव घ्या. १९३० च्या सुमारास अमेरिकेत एकशिक्षकी शाळा दीड लाखाच्या घरात होत्या, म्हणजे प्रसंग खोटा वाटत नाही, आणि खर्चही कमी. शहर घ्यायचं तर शिवणाऱ्या माणसाची सोय आधी बघा. निवड कुठलीही करा, कपडे मात्र वाढत्या अंगाचे हवेत: धाकट्याच्या बाह्या बोटांपर्यंत, थोरल्याच्या मनगटाच्या वर.

आम्ही गावच घेतलं. एकाच चादरीतून दोन बहिणींचे झगे बेतले. मोठीच्या झग्याची दुमड उसवून घेर खाली सोडला आणि जुन्या दुमडीच्या जागी मुद्दाम गडद पट्टा राहू दिला. तालमीला आलेल्या एका आजीबाईंनी तो पट्टा बोटाने चाचपला आणि म्हणाल्या, "हा मात्र खरा आहे."