शिकायला आधी कोणती लेन्स: १८-५५ झूम की ५० मिमी प्राइम?

संध्याकाळी घरात १८-५५ झूम ५५ मिमीवर नेली की अ‍ॅपर्चर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र; एफचा आकडा जितका लहान, तितकं ते मोठं). शटर १/१५ सेकंदावर येतो आणि फोटो हलतो. तेवढ्याच आयएसओवर (सेन्सरच्या प्रकाश-संवेदनशीलतेवर) ५० मिमी एफ/१.८ प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, जवळपास दहापट प्रकाश आत घेते, १/१२५ सहज मिळतो. मात्र लहान सेन्सरच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर एक मीटरवरून एफ/१.८ ठेवलं तर जेमतेम तीन सेंटिमीटर खोली स्पष्ट येते: एक डोळा रेखीव, दुसरा धूसर. म्हणून फोकस जवळच्या डोळ्यावर आणि अ‍ॅपर्चर एफ/२.८.

छोट्या खोलीतल्या ग्रुप फोटोला झूमच हवी. तरी शिकणाऱ्याच्या हातात आधी प्राइमच द्यावी. फ्रेम बदलायला पाय हलवावे लागतात, आणि चालताना डोक्यामागचा खांब नजरेत येतो. झूमच असेल तर रिंग ३५ वर चिकटपट्टीने पक्की करा.