चार्जिंग पोर्ट बदलून पावसाळा काढला: रत्नागिरीच्या बंदरावरचा अनुभव

मे महिन्यात फोनचं चार्जिंग पोर्ट बदलून घेतलं, वर रबरी बूच लावलं. आता दिवाळी तोंडावर आली आहे. आधीच सांगतो, पोर्ट ठणठणीत आहे, बुचाबद्दल मात्र माझं मत बरं नाही. मिरकरवाड्याला मासळीच्या हिशेबाचं काम असल्यामुळे फोन दिवसभर हातात, आणि हात बर्फाच्या नाहीतर खाऱ्या पाण्याने ओले. घाटावरच्या माणसाचा अनुभव वेगळा असू शकेल.

त्रास सुरू झाला तो विचित्र पद्धतीने. केबल सरळ लावली तर चार्जिंग होईना, उलटी फिरवून लावली की होई. टाइप-सी दोन्ही बाजूंनी चालते म्हणतात, मग हे काय? कारण असं, की केबल कुठल्या बाजूने आली आणि किती करंट घ्यायचा, हे ठरवायला पोर्टच्या 24 पिनांमध्ये सीसी नावाच्या दोन पिना असतात. सरळ लावलं की त्यांतली एक कामाला येते, उलटं लावलं की दुसरी. एक गेली की फोन एकाच अंगाने चार्ज होतो. म्हणून केबल फिरवून बघणं ही सगळ्यात सोपी तपासणी. आमच्याकडे नवा चार्जर घ्यायला आधी धावतात, तेवढे पैसे वाचतील.

अर्थात त्याआधी दुसरी केबल आणि दुसरा अडॅप्टर लावून बघायचा. मग टॉर्च मारून आत बघायचं. केबल पूर्ण आत न बसता किंचित बाहेर राहत असेल, तर बहुतेक वेळा तळाशी खिशातला कापूस दाबून बसलेला असतो. फोन बंद करून दात कोरायच्या लाकडी काडीने तो हळूच निघतो. सुई, टाचणी आत घालू नका, मधली पातळ जीभ एकदा मोडली की खेळ संपला.

माझ्या फोनमध्ये कापूस नव्हता. त्या जिभेवरच्या दोन-तीन पिनांवर हिरवट थर दिसत होता, पितळेचं भांडं कळकतं तसा. दुकानातल्या मुलाने भिंगाखाली धरलं आणि म्हणाला, "काका, चार्जरला काय झालेलं नाही. आत खारं बसलंय."

पाणी सुकतं, मीठ मागे राहतं. ते हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि पिनांच्या मध्ये पुन्हा ओल धरतं. त्यात केबल लावून वीज सोडली की पिना झपाट्याने खाल्ल्या जातात. पोर्टमध्ये ओल आहे असं सांगणारी पाण्याच्या थेंबाची सूचना फोन कोरडा दिसत असतानाही परत परत येते, ती बऱ्याचदा यामुळेच. तांदळाच्या डब्यात ठेवून मीठ जात नाही, उलट तांदळाची पूड आत जाते. 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, तेही फोन बंद करून, हा उपाय थर कोवळा असेपर्यंत चालतो. माझ्याकडे महिनाभर चालला. मग पिनाच झिजलेल्या निघाल्या.

फोनवर आयपी 68 (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं मानांकन) लिहिलंय म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ती चाचणी गोड्या पाण्यातली असते. समुद्राचा त्यात हिशेब नाही.

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पोर्ट खाली एका छोट्या वेगळ्या बोर्डवर असतं, दुकानदार त्याला सबबोर्ड म्हणतात. मुख्य बोर्डला हात न लावता तेवढंच बदलता येतं. मला मजुरीसकट 900 रुपये पडले. पहिला बोर्ड लावला तेव्हा चार्जिंग झालं, पण फास्ट चार्जिंग गेलं. स्वस्तातल्या बोर्डांत हे होतं. मी काउंटरवरून हललो नाही, त्याने दुसरा लावला आणि फास्ट चार्जिंग आलं. माइकही बहुधा त्याच बोर्डवर असतो, म्हणून तिथेच एक कॉल करून बघा. मागचं झाकण उघडल्यावर कंपनीने लावलेला गोंद सुटतो, तेव्हा पाण्यापासूनचं मूळ संरक्षण गेलं असंच समजून चालावं.

आता बूच. कोरड्या पोर्टवर लावलं तर काम करतं. पण बंदरावर पोर्ट कोरडं असतं कधी? ओल आत असताना बूच लावलं की ती आतच कोंडते, आणि भर आषाढात मला थेंबाची सूचना बूच लावलेलं असतानाच आली. शिवाय ते शेंगदाण्याएवढं, बर्फाच्या पेटीत पडलं की गेलं. आता मी ते फक्त भाट्याच्या किनाऱ्यावर जाताना लावतो, वाळूसाठी.

वाळूवरून आठवलं. मधे चुंबकाची केबल घेतली होती, टोक पोर्टमध्येच राहतं आणि वायर खटकन चिकटते ती. इथल्या किनाऱ्याच्या काळ्या वाळूत लोहखनिज आहे. मांडवीला एक संध्याकाळ काढली आणि त्या टोकाला काळी दाढी आली. विजेच्या उघड्या कॉन्टॅक्टवर असली वाळू मला नको. केबल काढून टाकली.

सगळ्यात उपयोगी पडलं ते फुकटचं: घरी आलं की फोन पोर्टचं तोंड खाली करून उभा टेकवून ठेवायचा, हात पुसायचे, तासाभराने केबल लावायची. घाई असेल तर वायरलेस चार्जिंग, पण माझ्या फोनला ते नाही. पुढचा फोन घेताना ते बघणार, आणि त्या मॉडेलचा सबबोर्ड रत्नागिरीत मिळतो का, हे दुरुस्तीवाल्याला आधी विचारणार.